श्रम, शर्करा आणि समस्थानिक : एका संशोधनपद्धतीचा इतिहास

मध्यम व्यायामात स्नायू रक्तातील ग्लुकोज अधिक वापरतात आणि यकृत तितकेच पुरविते. रक्तशर्करेचे प्रमाण फारसे बदलत नसल्याने ही उलाढाल साध्या रक्ततपासणीत दिसत नाही. हा पेच समस्थानिकांनी सोडविला.

१९३५ मध्ये शोनहायमर व रिटनबर्ग यांनी जड हायड्रोजनने अंकित केलेल्या मेदाचा शरीरात मागोवा घेतला. १९४० मध्ये केमेन व रूबेन यांनी कार्बन-१४ शोधला. अंकित ग्लुकोजमुळे साठ्याबरोबर प्रवाहही मोजता येऊ लागला. मुंबईतील तुर्भे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित होऊन भारतातील समस्थानिकनिर्मितीस चालना मिळाली.

पुढे किरणोत्सारी नसलेल्या कार्बन-१३ च्या साहाय्याने उच्छ्वासावरून शर्करेच्या ज्वलनाचा हिशेब मांडता येऊ लागला. त्यामुळे संग्रामपूर तालुक्यातील शेतमजुरांच्या श्रमाचाही किरणोत्साराविना अभ्यास करता येईल.