चीनची मूल्ये म्हणजे नेमकी कुणाची मूल्ये?

चीनच्या प्रगतीचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य ऐकू येते. हा देश कन्फ्युशियसच्या मूल्यांवर उभा आहे: वडीलधाऱ्यांचा मान, शिस्त, अभ्यास, कुटुंब. 'त्यांनी आपली प्राचीन संस्कृती जपली म्हणून ते पुढे गेले' असा उपदेशही मागोमाग येतो. आम्हाला हा उपदेश ओळखीचा वाटतो. देशातल्या अनेक परंपरांपैकी एक उचलायची, तिलाच संस्कृतीचा आत्मा म्हणायचे आणि बाकीच्यांना तिच्या फांद्या ठरवायचे, ही युक्ती इथल्या बहुजनांना नवी नाही. म्हणून चीनचा इतिहास जरा उघडून पाहू.

कन्फ्युशियस (इ.स.पू. ५५१-४७९) हा आजच्या शांतुंग प्रांतातल्या लू राज्याचा. त्याच्यावर अन्याय करण्याचे कारण नाही. शिकवताना विद्यार्थ्याचे कुळ पाहू नये असे तो मानत असे, आणि माणसाचे श्रेष्ठत्व त्याने जन्माऐवजी आचरणाला जोडले. त्या काळात हे लहान काम नव्हते. पण त्याच्या परंपरेने समाजाला जी चौकट दिली ती पाच नात्यांची: राजा-प्रजा, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ आणि मित्र-मित्र. यांतले बरोबरीचे नाते एकच, शेवटचे. स्त्रीने लग्नाआधी बापाचे, लग्नानंतर नवऱ्याचे आणि वैधव्यात मुलाचे ऐकावे, हा या परंपरेतला आणखी एक नियम. मनुस्मृतीत काय आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यावर वेगळे भाष्य नको.

या चौकटीला विरोध कुणी परदेशी माणसाने केला नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या मो-त्झूने तो चीनमध्येच केला. आपल्या घरच्यांवर जास्त, शेजाऱ्यावर कमी आणि परक्यावर त्याहून कमी, असे पायरीपायरीचे प्रेम हेच भांडणांचे मूळ आहे, असे त्याचे म्हणणे. प्रेम सर्वांवर सारखे हवे. खर्चिक अंत्यविधी आणि लांबलचक शोकपाळणी यांवरही त्याने कडक टीका केली. कन्फ्युशियसच्या परंपरेतला मोठा विचारवंत मेन्शियस याने त्यावर उत्तर दिले, की सर्वांवर सारखे प्रेम करणारा बापाला बाप मानत नाही, म्हणजे तो पशूच. समतेची मागणी करणाऱ्याला माणसांतून उठवण्याची रीत किती जुनी आहे पाहा!

मग पहिल्या शतकाच्या सुमारास बुद्धधम्म तिथे पोहोचला आणि खरी अडचण सुरू झाली. शरीर आईबापांनी दिलेले, म्हणून केसही कापू नयेत असे मानणाऱ्या समाजात भिक्खू मुंडन करत होता. वंश न चालवणे हा सर्वांत मोठा दोष, आणि हा माणूस लग्नच करत नव्हता. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो राजापुढे वाकत नव्हता. दरबारात यावर वाद पेटला, तेव्हा लू पर्वतावरचे आचार्य हुइ-युआन यांनी इ.स. ४०४ मध्ये भिक्खूने राजापुढे का वाकू नये, यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. गृहस्थ उपासकाने राजाचे नियम पाळावेत, पण ज्याने घरदार आणि त्यासोबतचे लाभ सोडले तो त्या नात्यांच्या बाहेर आहे, हा त्यांचा युक्तिवाद. पाच नात्यांच्या बाहेरही माणूस उभा राहू शकतो, हे सांगणे त्या समाजात धाडसाचे होते. पुढे धम्मालाही तडजोडी कराव्या लागल्या. आईबापांच्या ऋणावरची सूत्रे चीनमध्येच रचली गेली. मोग्गलानाने आईला यातनांतून सोडवल्याची कथा तर तिथे घरोघरी पोहोचली.

तरीही घाव बसलाच. ८१९ मध्ये सम्राटाने बुद्धाचा अस्थिधातू राजवाड्यात आणवला, तेव्हा हान यू या विद्वान अधिकाऱ्याने अर्ज लिहून, बुद्ध परदेशी होता, त्याला राजा-प्रजा आणि बाप-मुलगा ही नाती कळत नव्हती, असा आक्षेप घेतला. त्या वेळी हान यूलाच दूर दक्षिणेत पाठवले गेले. पण ८४५ मध्ये तांग सम्राट वू-त्सुंगने ४,६०० हून अधिक विहार पाडले, २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत पाठवले आणि तांब्या-पितळेच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली. पारशी, ख्रिस्ती आणि मानी पंथही त्याच फटक्यात सापडले. सम्राटावर ताओपंथीयांचा प्रभाव होता आणि खजिना रिकामा होता, हेही खरे. विहारांकडे करमुक्त जमिनी होत्या, दीड लाख दास होते. संघाच्या नावावर दास असणे ही त्या काळच्या विहारांवरची काळी खूण आहे. आम्ही ती झाकणार नाही.

सामान्य माणूस मात्र या दरबारी भांडणात कधीच पूर्ण अडकला नाही. त्याच्या घरात पूर्वजांची पाटी असे, चुलीचा देव असे, अंत्यविधीला भिक्खू येई आणि भूतबाधेला ताओपंथी पुरोहित. संकटात हाक मारायची ती क्वानयिनला. ही क्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर. औरंगाबाद आणि कान्हेरीच्या लेण्यांत संकटातल्या माणसांना सोडवताना कोरलेला तोच बोधिसत्त्व, चीनमध्ये स्त्रीरूप घेतलेला. 'तुझा धर्म कोणता' या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर त्या घराकडे नव्हते.

विसाव्या शतकात हे उत्तर कायद्याने देण्याचा प्रयत्न झाला. राजेशाही संपताच कांग यू-वेई आणि त्यांच्या अनुयायांनी कन्फ्युशियसचा मार्ग राष्ट्रधर्म करा, अशी मागणी केली. बौद्ध, ताओपंथी, मुस्लिम आणि ख्रिस्ती या सगळ्यांतून विरोध झाला. राष्ट्रधर्म झाला नाही. पण १९१३ च्या घटनेच्या मसुद्यात कन्फ्युशियसचा मार्ग हा शिक्षणातील नीतीचा पाया असेल, असे कलम घुसलेच. ते १९१७ मध्ये वगळले गेले. आज चीनचे सरकार ज्या पाच धर्मांना मान्यता देते, त्यांत कन्फ्युशियसचा समावेश नाही.

राहिला अभ्यासाचा आणि परीक्षेचा अभिमान. शाही परीक्षा कुणालाही खुली होती, असे कौतुकाने सांगतात. ती कुणालाही खुली नव्हती. गुलाम, नट, वाजंत्री घराणी, दक्षिणेतले नावेत राहणारे तान, चेच्यांग प्रांतातले 'तो-मिन' म्हणजे पतित लोक, हे सगळे जन्माने हीन गणले जात. त्यांना परीक्षा बंद, आणि इतरांशी लग्नही बंद. १७२३ पासून सम्राट युंगचंगने फर्माने काढून यांतल्या अनेकांचा हीन दर्जा रद्द केला. पण १७७१ मध्ये नियम आला, की धंदा सोडल्याची नोंद केल्यापासून चौथ्या पिढीलाच परीक्षेला बसता येईल. कागदावरची मुक्ती आणि तिच्या मागे लगेच लावलेली अट, हे आपण जवळून ओळखतो.

लू शुन शाओशिंगचा, म्हणजे या तो-मिन लोकांच्याच मुलखातला. चिनी नीतीच्या पुस्तकांतून माणसे खाल्ली जातात, असे १९१८ च्या 'वेड्याच्या रोजनिशी'त सांगणारा हा लेखक. त्याने १९३३ मध्ये या लोकांवर एक छोटा लेख लिहिला. त्यांच्या बायका सणासुदीला ठरलेल्या मालकांच्या घरी राबायला जात. क्रांतीनंतर लू शुनच्या आईने अशाच एका बाईला सांगितले, की आता आपण सगळे सारखे, तुम्ही यापुढे आला नाहीत तरी चालेल. ती बाई रागाने लाल झाली. हे काय बोलणे झाले, आम्ही तर पिढ्यान् पिढ्या येतच राहणार, असे तिने ठणकावून सांगितले.