फुप्फुसशोथ, वार्धक्यातील : उपचार व रुग्णशिक्षण यांचा इतिहास

जंतुसंसर्गामुळे फुप्फुसातील वायुकोशांचा दाह होऊन त्यांत द्रव व पू साचणे, या विकाराला फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) असे म्हणतात. वृद्धावस्थेत खोकल्याचा जोर, गिळण्यावरील नियंत्रण व रोगप्रतिकारशक्ती ही तिन्ही क्षीण होत असल्यामुळे हा विकार अधिक घातक ठरतो. ताप, छातीतील वेदना ही नेहमीची लक्षणे पुष्कळदा सौम्य असतात किंवा नसतातही. एकाएकी आलेला भ्रम, अन्नावरची वासना उडणे वा तोल जाऊन पडणे एवढ्यावरूनच रोगाची शंका घ्यावी लागते. या रुग्णांवरील उपचारांचा इतिहास हा जितका औषधांच्या शोधाचा, तितकाच ‘वय झाले, आता इलाज नाही’ ही समजूत क्रमाने मागे पडल्याचाही आहे.

हिपॉक्राटीझ यांच्या परंपरेतील ग्रीक ग्रंथांत या विकाराचे वर्णन आढळते. फ्रेंच वैद्य रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचा शोध लावल्यावर रोग्याच्या हयातीतच फुप्फुसातील बदल ओळखणे शक्य झाले. उपचार मात्र रक्तमोक्षणाचाच राहिला. प्येअर लूई (१७८७–१८७२) यांनी फुप्फुसशोथाच्या ७७ रुग्णांची मोजदाद करून रक्तमोक्षणाचा लाभ समजला जातो त्याहून फारच कमी असल्याचे १८३५ मध्ये दाखविले. १८४९ मध्ये व्हिएन्ना येथे योझेफ डीट्ल (१८०४–७८) यांनी रक्तमोक्षण केलेल्या रुग्णांत सु. २० टक्के, तर केवळ पथ्य व शुश्रूषा यांवर ठेवलेल्या रुग्णांत सु. ७ टक्के मृत्यू झाल्याचे प्रसिद्ध केले.

१८८१ मध्ये फ्रान्समध्ये लूई पाश्चर व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे फुप्फुसगोलाणू (न्यूमोकोकस) वेगळा केला. तरीही वृद्धांच्या बाबतीत वैद्यक हतबलच होते. सर विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी १८९२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला वार्धक्याचा वैरी मानले. पुढे १८९८ च्या आवृत्तीत, तो अल्पकाळात व फारशा यातना न देता मृत्यू आणतो म्हणून, त्याला वृद्धांचा मित्रही म्हणता येईल असे मत मांडले. डिसेंबर १९१९ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी खुद्द ऑस्लर यांचे निधन याच विकाराने व त्यातून उद्‍भवलेल्या उपद्रवांनी झाले.

१९३८ मध्ये बर्मिंगहॅम येथे एव्हान्स व गेसफर्ड यांनी सल्फापिरिडीन हे औषध १०० रुग्णांना दिले. त्यांपैकी ८ दगावले, तर हे औषध न मिळालेल्या १०० रुग्णांपैकी २७ दगावले. डिसेंबर १९४३ मध्ये ६९ वर्षांचे विन्स्टन चर्चिल ट्युनिशियात याच औषधाने बरे झाले. पाठोपाठ पेनिसिलीन आले. परंतु १९६४ मध्ये रॉबर्ट ऑस्ट्रियन व जेरोम गोल्ड यांनी दाखवून दिले की, जंतू रक्तात पसरलेल्या रुग्णांत पहिल्या काही दिवसांतील मृत्यू पेनिसिलिनानेही फारसे टळत नाहीत. त्यामुळे प्रतिबंधाकडे पुन्हा लक्ष वळले व अमेरिकेत १९७७ मध्ये १४, तर १९८३ मध्ये २३ प्रकारच्या फुप्फुसगोलाणूंवरील लशींना मान्यता मिळाली.

शुश्रूषेची दिशाही याच काळात बदलली. मार्जोरी वॉरन (१८९७–१९६०) यांनी १९३५ पासून लंडनजवळील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात वर्षानुवर्षे खिळून पडलेल्या वृद्धांची पद्धतशीर तपासणी करून त्यांतील अनेकांना हिंडते-फिरते केले. रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये दीर्घकाळ अंथरुणात पडून राहण्याचे धोके मांडले. निजून राहिल्याने कफ साचतो, स्नायू झिजतात व शय्याव्रण होतात. म्हणून वृद्ध रुग्णास प्रकृती सोसेल तितक्या लवकर खुर्चीत बसविणे, दीर्घ श्वसन करविणे, मुखाची स्वच्छता राखणे व बसवूनच भरविणे यांस प्रतिजैविके व ऑक्सिजन यांच्या जोडीने महत्त्व आले.

रुग्णशिक्षणाचा स्वतंत्र विचार तुलनेने अलीकडचा आहे. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनने १९७३ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद स्वीकारली. आपल्या आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा तीत एक हक्क होता. ऑक्टोबर २०१२ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत फुप्फुसशोथाचे रुग्ण तीस दिवसांत प्रमाणाबाहेर पुन्हा दाखल झाल्यास रुग्णालयाचे देय कमी करण्यात येऊ लागले. त्यामुळे घरी पाठवितानाच्या शिक्षणाला आर्थिक महत्त्वही लाभले. औषधांचा क्रम पूर्ण करणे, धाप, पुन्हा ताप वा भ्रम दिसताच परत येणे, धूम्रपान सोडणे, लस घेणे आणि थकवा काही आठवडे टिकू शकतो हे जाणणे, हा या शिक्षणाचा गाभा होय. सांगितलेले रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगावे, ही पद्धत विशेष उपयुक्त आहे. कारण मान डोलावली म्हणजे समजले असे नसते. चष्मा व श्रवणयंत्र लावूनच बोलणे, ठळक अक्षरांतील सूचना देणे व घरी काळजी घेणाऱ्या व्यक्तीला सोबत बसविणे आवश्यक असते.

भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने फुप्फुसगोलाणूवरील लस सार्वत्रिक लसीकरणात आली, ती शिशूंसाठी. वृद्धांचे लसीकरण मुख्यतः वैद्यकीय सल्ल्यावर अवलंबून राहिल्याने, रुग्णालयातून घरी जाताना मिळणारी माहिती हीच अनेकांच्या बाबतीत प्रतिबंधाची पहिली पायरी ठरते.