पूर्ण उतरू दे

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आदल्या रात्री मी पुण्याहून पालीला फोन केला, तेव्हा बाबांच्या मोबाइलची बॅटरी ३० टक्के होती. "चार्जिंगला लावा," म्हटलं. "पूर्ण उतरू दे, मग लावतो. नाहीतर बॅटरी खराब होते." दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि पुढचे चार दिवस घरच्यांचा आवाज नाही. टॉवरही बंद होते म्हणा. पण रेंज आली तेव्हा पहिला फोन शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून आला.

बाबांचा नियम खरा होता, पण दुसऱ्या बॅटरीचा. बल्लाळेश्वराच्या देवळाजवळच्या आमच्या दुकानात पूर्वी कॉर्डलेस फोन होता, निकेल-कॅडमियमचे तीन सेल असलेला. ही बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये बनवली. दणकट, पण एक खोड: दरवेळी अर्धवट उतरवून चार्ज केली, तर तिचा व्होल्टेज लवकर पडायला लागतो आणि उपकरणाला वाटतं, संपली. म्हणून अधूनमधून पूर्ण उतरवायची.

कॅडमियम विषारी. त्याच्या जागी हायड्रोजन साठवणारा मिश्रधातू आला, ती निकेल-मेटल हायड्राइड. नोकिया ३३१० सुरुवातीला हीच घेऊन आला. खोड कमी झाली, पण नुसती पडून राहिली तरी बरीच उतरायची.

लिथियम-आयनने दोघींना मागे टाकलं ते वजनावर. निकेलचा सेल १.२ व्होल्टचा, हिचा साधारण ३.७, तिघींचं काम एकटीच करते. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांच्या कामावर उभी राहिलेली ही बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिघांना नोबेल मिळायला २०१९ उजाडलं. धोकाही तिच्यासोबत आला. २००७ मध्ये नोकियाने ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या गरम होण्याच्या भीतीने बदलून देऊ केल्या.

या बॅटरीला जुनी खोड नाही. उलट वारंवार तळाला नेलं की तिचं आयुष्य कमी होतं. तंत्रज्ञान दोनदा बदललं, दुकानातली शिकवण मात्र तशीच राहिली. ती बदलायचं काम माझं होतं. इंजिनिअर होऊनही मी त्या रात्री फक्त "लावा" म्हटलं, कारण सांगितलं नाही.

यंदाच्या माघी उत्सवात बाबांनी ४२ टक्क्यांवर चार्जर लावला. "खराब झाली तर नवीन तू आणायचीस," म्हणाले.