रान, जंगल, पडीक

धाराशिव जिल्ह्यात सकाळच्या वेळी कुणाच्या घरी गेलात आणि घरधनी जागेवर नसला, तर उत्तर ठरलेलं असतं: 'रानात गेलेत.' हे रान म्हणजे शेत. संस्कृतातल्या 'अरण्या'चं प्राकृतात 'रण्ण' झालं आणि मराठीत 'रान'. अरण्य नांगराखाली आलं तरी नाव सुटलं नाही. त्याच नावाने गायरान, माळरान, रानमेवा, रानडुक्कर. पेरलेलं आणि न पेरलेलं यांच्यात इथल्या माणसाने शब्दाचा बांध घातला नाही.

'जंगल' याहून नवलाचं. आज हा शब्द उच्चारला की दाट झाडी डोळ्यांपुढे येते. मुळातलं 'जांगल' मात्र कोरड्या, उघड्या मुलखाचं नाव. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार सांगितले आहेत. जांगल म्हणजे मोकळं आकाश, कोरडा वारा, खैर-बोर-शमीसारखी झाडं. पाणथळ मुलूख तो आनूप. भूम-वाशीकडे बालाघाटाच्या माथ्यावर उभं राहिलं की समोर पसरतं ते जांगलच. आता त्याच मुलखाला लोक 'इथं कुठलं जंगल?' म्हणतात.

गवताचंही तसंच. 'तृणा'चं 'तण' झालं, आणि तण म्हणजे उपटून टाकायचं.

'पडीक' शब्दाने सगळ्यात जास्त नुकसान केलं, असं मला वाटतं. शेतकरी 'यंदा रान पडीक टाकलं' म्हणतो तेव्हा त्यात विसावा असतो, पुढच्या वर्षाचा विचार असतो. सरकारी कागदावर तोच शब्द कायमचा शिक्का होतो. सातबाऱ्यावर त्याचा सोबती 'पोटखराब'. ज्यात पीक नाही ते खराब.

या समजुतीला शास्त्राचंही बळ मिळालं. 'अनुक्रमण' म्हणजे मागोमाग पाऊल टाकणं: आधी गवत, मग झुडपं, मग झाडं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 साली हा विचार पक्का मांडला, शेवटच्या स्थिर टप्प्यासकट. तो इथल्या माळाला लावला की माळ म्हणजे अर्धवट राहिलेलं वन ठरतो. मग खड्डे घेऊन गिरिपुष्प लावायचं! शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला, माळढोकासाठी 1979 साली जाहीर झालेल्या अभयारण्यातसुद्धा, गवताळ जमिनीवर ही झाडं उभी राहिली. माळढोकाला लांबवर नजर पोचेल असं उघडं रान लागतं.

माळावरही पावलं पडतात, पण ती पुढेच पडतात असं नाही. राखलेल्या कुरणात पवन्या आणि मारवेल असतं, गुरं आवडीने खातात ते. चराई वाढली की ते हटतं आणि कुसळी पसरते. कुसळीच्या बियाला पिळदार शेपूट असतं. दवाने ओलं झालं की त्याचा पीळ सुटतो, उन्हाने वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी मातीत शिरतं, नाहीतर धोतरात आणि मेंढीच्या लोकरीत. त्याहूनही ओरबाडलं तर उरतात आखूड, चरबट गवतं आणि शेळीच्या तोंडची झुडपं. काळी उस्मानाबादी शेळी अशाच झाडपाल्यावर वाढली. काही पावसाळे कुरण राखलं, मूळ शिल्लक असलं, तर पवन्या परत येतं. 'समतोल' या शब्दात तराजूचा काटा स्थिर झालेला दिसतो. माळाचा काटा पाऊस आणि गुरांबरोबर कायम हलत असतो.

अनुक्रमणाचा गाभा सांगणारा शब्द शेतकऱ्यांकडे आधीपासून आहे: बेवड. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड ज्वारीला चांगला, हे शिवारात कुणीही सांगेल. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र बांधला जातो, त्यातला काही मातीत राहतो. बाभळीच्या मुळांवरही तशाच गाठी असतात, म्हणून बाभळीखालच्या गवताला जे मिळतं त्यालाही बेवड म्हणायला हरकत नसावी. शालेय पुस्तकात 'अनुक्रमणा'शेजारी हा शब्द छापला, तर शेतकऱ्याच्या पोराला तो धडा घरूनच येत असेल.