इतिहासाचा तास आणि ग्रंथालयाचे दार

बी.एड. करताना इतिहासाच्या अध्यापनाची उद्दिष्टे आपण सर्व शिक्षकांनी घोकलेली असतात. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. पहिली दोन सोपी. सनावळ्या विचारल्या की ज्ञान मोजता येते, कारणे विचारली की आकलन. पण इतिहासाचे ‘उपयोजन’ म्हणजे नेमके काय? विज्ञानाचे शिक्षक वर्गात प्रयोग करून दाखवतात. इतिहासाच्या शिक्षकाने काय करून दाखवावे? मला याचे उत्तर हॉवर्ड झिन या अमेरिकन प्राध्यापकाच्या आयुष्यात सापडले, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहीत आहे.

झिन यांचा जन्म २४ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. आई-वडील दोघेही युरोप-रशियाकडून आलेले स्थलांतरित. वडील हॉटेलात वेटरचे काम करीत. घरात पुस्तक नव्हते. एका वर्तमानपत्राने कूपने गोळा करणाऱ्यांना डिकन्सची पुस्तके स्वस्तात देण्याची योजना काढली, तेव्हा आई-वडिलांनी कूपने कापून मुलासाठी तो संच जमवला. अठराव्या वर्षी झिन गोदीत जहाजबांधणीच्या कामाला लागले. ज्यांच्या घरात वडिलांचे हात कामाने खरखरीत झालेले आहेत आणि तरी मुलाच्या फीसाठी पैसे बाजूला काढले जातात, त्यांना हे बालपण परके वाटणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात गेले. एप्रिल १९४५ मध्ये, युरोपातील युद्ध संपायला जेमतेम तीन आठवडे उरले असताना, त्यांच्या तुकडीने फ्रान्समधील रोयाँ या गावावर नापाम बॉम्ब टाकले. विमानातून माणसे दिसली नाहीत, किंकाळ्या ऐकू आल्या नाहीत. पुढे १९६६ मध्ये ते स्वतः त्या गावात गेले, लोकांना भेटले, कागदपत्रे पाहिली आणि त्या हल्ल्याची मुळीच गरज नव्हती असे लिहिले. इतरांचा हिशेब मांडणारे इतिहासकार पुष्कळ असतात. स्वतःच्या हातून घडलेल्या गोष्टीची चौकशी करणारे विरळा.

युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी सरकारने शिक्षणाची सवलत ठेवली होती. तिचा आधार घेऊन सत्ताविशीत, बायको-मुले असताना, त्यांनी कॉलेजात नाव घातले. दुपारी चार ते रात्री बारा गोदामात मालमोटारी भरायच्या आणि दिवसा अभ्यास करायचा. १९५६ मध्ये त्यांना जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात स्पेलमन कॉलेजात इतिहास व समाजशास्त्रे विभागाचे प्रमुखपद मिळाले. कृष्णवर्णीय मुलींचे हे कॉलेज १८८१ साली एका चर्चच्या तळघरात सुरू झाले होते. झिन गोरे, विद्यार्थिनी काळ्या. वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. पण अटलांटात गोऱ्यांची हॉटेले, गोऱ्यांच्या शाळा आणि गोऱ्यांचे ग्रंथालय तसेच चालू होते.

जानेवारी १९५७ मध्ये झिन सुमारे तीस विद्यार्थिनींना घेऊन राज्याचे विधिमंडळ पाहायला गेले. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाने काढावी तशीच ही सहल होती. प्रेक्षकांच्या सज्जात काळ्यांसाठी राखलेली जागा अपुरी होती, म्हणून मुली शेजारच्या रिकाम्या जागांवर बसल्या. त्या जागा गोऱ्यांच्या होत्या. सभागृहाचे कामकाज थांबले आणि सभापती त्यांच्यावर ओरडले. मुलींना उठून आपल्या जागी जावे लागले. लोकशाहीचा धडा पुस्तकात एक आणि सज्जात दुसरा, हे त्या दिवशी तीस मुलींनी डोळ्यांनी पाहिले.

यानंतरची गोष्ट ग्रंथालयाची. शहराचे मुख्य कार्नेगी ग्रंथालय सार्वजनिक होते, सर्वांच्या करांवर चालत होते, पण काळ्यांना तेथे प्रवेश नव्हता. झिन ज्या सामाजिक शास्त्र मंडळाचे मार्गदर्शक होते, त्यातील मुलींनी ठरवले की आपण जाऊन पुस्तके मागायची. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. एक मुलगी जायची आणि जॉन लॉकचा मानवी आकलनावरील ग्रंथ मागायची, दुसरी मिलचे ‘ऑन लिबर्टी’, तिसरी टॉमस पेनचे ‘कॉमन सेन्स’. ‘काळ्यांच्या शाखेत पाठवून देऊ’ असे उत्तर मिळाले की परत यायचे आणि पुन्हा जायचे. स्वातंत्र्यावरचे पुस्तक मागणाऱ्या मुलीला नाही म्हणताना त्या कर्मचाऱ्यांना काय वाटत असेल? झिन आणि अटलांटा विद्यापीठातील व्हिटनी यंग यांनी एकीकडे न्यायालयात जाण्याची तयारी चालवली होती. त्याआधीच, मे १९५९ मध्ये, ग्रंथालयाच्या मंडळाने दार सर्वांना उघडले. स्पेलमनमधील फ्रेंचच्या प्राध्यापिका आयरीन डॉब्स जॅक्सन यांना सभासदाचे कार्ड मिळाले. त्यांचाच मुलगा मेनार्ड जॅक्सन पुढे १९७३ मध्ये अटलांटाचा पहिला कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आला.

हे वाचताना आपल्या महाडची आठवण येते. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. तरीही बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. कागदावरचा हक्क आणि पायरीवरचा हक्क यांत किती अंतर असते! त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. हे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? पानिपत, प्लासी त्यांना पाठ असतात. आपल्याच मुलखात कोणाला पाणी नाकारले गेले आणि त्या वेळी जागा कोणी दिली, हे मात्र आपणच त्यांना सांगायला हवे.

१९६० साली दक्षिणेत विद्यार्थ्यांची चळवळ पेटली. अटलांटातील सहा कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी ‘मानवी हक्कांसाठी आवाहन’ तयार केले आणि ते ९ मार्चला वर्तमानपत्रांत छापून आणले. त्याचा मसुदा लिहिण्यात स्पेलमनची रोझलिन पोप अग्रभागी होती. तो टंकलिखित झाला झिन यांच्या घरच्या टाइपरायटरवर. १५ मार्चला विद्यार्थी शहरातील उपाहारगृहांत जाऊन बसले. ७७ जणांना अटक झाली, त्यांत १४ मुली स्पेलमनच्या होत्या. त्यांपैकी एक मॅरियन राइट. मॅरियन राइट एडेलमन या नावाने त्यांनी पुढे मुलांच्या हक्कांसाठी मोठी संस्था उभी केली. १९६१ च्या शरदात अटलांटाची उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. या साऱ्यात झिन नेते नव्हते. नेतृत्व मुलामुलींचे होते आणि तुरुंगही त्यांच्याच वाट्याला आला. शिक्षकाने टाइपरायटर दिला, फोन केले, सोबत केली.

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. अवघड भाग पुढे येतो.

बाहेर हक्क मागणाऱ्या मुली वसतिगृहात परतल्या की त्यांना दिसे, इथेही आपल्याला विचारणारे कोणी नाही. बाहेर जाताना वहीत सही, प्रार्थनेला सक्तीची हजेरी, ठरल्या वेळी आत, ठरलेला पोशाख. मुलींनी या नियमांविरुद्ध आवाज उठवला, सभा घेतल्या, आणि झिन त्यांच्या बाजूने उभे राहिले. कॉलेजचे अध्यक्ष अल्बर्ट मॅन्ली हे स्वतः कृष्णवर्णीय, त्या पदावर आलेले पहिलेच. त्यांचीही एक बाजू असणार. देणगीदार, पालक, आणि बदनामीची संधी शोधणारे भोवतालचे गोरे जग. जून १९६३ मध्ये झिन यांना पत्र मिळाले: वर्षभराचा पगार सोबत जोडला आहे, आपल्या सेवेची आता गरज नाही. ते कायम प्राध्यापक होते, विभागप्रमुख होते. तरीही बिऱ्हाड आवरून त्यांना शहर सोडावे लागले. ॲलिस वॉकर ही त्यांची विद्यार्थिनीही लवकरच कॉलेज सोडून गेली. पुढे त्याच ॲलिस वॉकर यांना १९८३ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मला या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा इथे दिसतो. ग्रंथालयाच्या दारात झिन यांच्यामागे सारे कॉलेज उभे राहू शकत होते. वसतिगृहाच्या दारात ते जवळजवळ एकटे पडले. परक्याने केलेल्या अन्यायावर बोलताना टाळ्या मिळतात. आपल्या संस्थेतल्या, आपल्या मोहल्ल्यातल्या, आपल्या घरातल्या अन्यायावर बोलताना मात्र ‘ही वेळ नव्हे’, ‘लोक हसतील’, ‘दुश्मनाला आयते कोलीत मिळेल’ असे ऐकावे लागते. आमच्या समाजाने मोठ्या कष्टाने शाळा उभ्या केल्या, मुलींना तालीम दिली, हे खरेच अभिमानाचे आहे. पण शिकलेली मुलगी प्रश्न विचारणारच. तिला सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातील मागासलेपण दाखवायचे आणि तिने शाळेतल्या किंवा घरातल्या कारभाराविषयी विचारले की तिला गप्प बसवायचे, हे एका श्वासात कसे जमेल? इन्साफ हा शब्द बाहेर एक आणि आत एक असा वाटून घेता येत नाही.

१९६४ पासून झिन बॉस्टन विद्यापीठात शिकवू लागले. १९८८ मध्ये निवृत्तीच्या दिवशी त्यांनी शेवटचा तास अर्धा तास आधी संपवला आणि परिचर्या विभाग वाचवण्यासाठी निदर्शने चालू होती तिकडे गेले. येतील त्यांनी यावे, असे विद्यार्थ्यांना सांगितले. १९८० मध्ये निघालेला त्यांचा ‘अमेरिकेचा लोकांचा इतिहास’ गुलाम, मूळ रहिवासी, गिरणी कामगार आणि स्त्रिया यांच्या बाजूने लिहिलेला आहे. त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यावर टीकाही झाली. इतिहास-अध्यापनाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग यांचा आक्षेप असा, की झिन एका ठाम निष्कर्षाच्या जागी दुसरा तितकाच ठाम निष्कर्ष ठेवतात आणि विद्यार्थ्याला पुरावा तोलायला शिकवत नाहीत. हा आक्षेप आपण शिक्षकांनी मनावर घ्यावा असा आहे. दुर्बलांची बाजू घेतली म्हणून पुराव्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

ज्या स्पेलमनने त्यांना काढले, त्याच स्पेलमनने २००५ मध्ये सन्मानाने बोलावून मानद पदवी दिली आणि पदवीदान समारंभात भाषण करायला सांगितले. मधे बेचाळीस वर्षे गेली होती. २७ जानेवारी २०१० रोजी झिन यांचे निधन झाले.

आपल्याला अटलांटाला जायची गरज नाही. प्रत्येक गावात एक तळे, एक वाचनालय, एक कब्रस्तान, एक शाळा असते आणि ते कोणासाठी केव्हा उघडले, केव्हा बंद राहिले, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून हयात असतात. महिन्यातला एक तास त्यासाठी ठेवावा. मुलांनी जाऊन विचारावे, लिहून आणावे, दोन जणांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही लिहावा. आणि त्यातून आपल्याच संस्थेविषयी एखादा अवघड प्रश्न निघाला, तर तो खोडू नये. टाचण वहीतील ‘उपयोजन’ या शब्दापुढे लिहिण्यासारखे मला तरी एवढेच सुचते.