वेतनाविना खेळ : मेलबर्नच्या 'ओल्ड झेवेरियन्स'चा इतिहास

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत ज्यांचे पार्थिव विसावले आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या नावाने जगभर किती शाळा, किती रुग्णालये आणि किती देवळे उभी आहेत, ह्याची नेमकी गणती करणे कठीणच. त्याच नावाचा एक फुटबॉल क्लबही आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या क्यू ह्या उपनगरात येशूसंघीयांचे 'झेवियर कॉलेज' आहे. त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२३ साली 'ओल्ड झेवेरियन्स फुटबॉल क्लब' स्थापन केला. क्लबने शंभरी ओलांडली आहे, आणि तेथे खेळणाऱ्याला खेळण्याचे वेतन मिळत नाही. येशूसंघाच्या ऑस्ट्रेलियन शाखेचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९५१ साली तेथील व्रतस्थ त्या वेळच्या बिहारमधील हजारीबागच्या मिशनकार्यासाठी आले. ही माणसे ज्या समाजातून आली, त्या समाजाची ओळख ह्या क्लबच्या इतिहासातून बरीचशी होते, असे आम्हांस वाटते.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल आणि प्रत्येक बाजूस अठरा गडी. चेंडू पायाने मारता येतो, हातात घेऊन धावता येते. परंतु धावताना तो ठरावीक अंतरावर जमिनीवर आपटावा लागतो, आणि दुसऱ्याला हाताने द्यावयाचा तर तो फेकता येत नाही, मुठीने ठोसा मारून द्यावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू पायाने मारला तर सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. क्रिकेटपटूंचे शरीर हिवाळ्यात सुस्तावू नये म्हणून टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली अशा एखाद्या खेळाची कल्पना मांडली. त्याच वर्षी मेलबर्नमधील दोन शाळांमध्ये, प्रत्येकी चाळीस गडी घेऊन, तीन शनिवार चाललेला सामना झाला व तो बरोबरीत सुटला. (लूर्डसचे दर्शनही त्याच वर्षीचे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.) पुढल्या वर्षी दहा नियम लिहिले गेले. त्या सामन्यातील एक शाळा अँग्लिकनांची, दुसरी प्रेसबिटेरियनांची. कॅथलिक मंडळी ह्या चित्रात कोठेच नव्हती.

त्याला कारण होते. मेलबर्नचे कॅथलिक म्हणजे बहुतांशी आयरिश स्थलांतरित. कष्टकरी, मोलमजुरी करणारे, आणि इंग्लिश वर्चस्वाविषयी मनात जुनी अढी बाळगणारे. १८७२ च्या शिक्षण कायद्याने व्हिक्टोरिया वसाहतीत शिक्षण मोफत, सक्तीचे व धर्मनिरपेक्ष झाले. पाठोपाठ चर्चच्या शाळांचे सरकारी अनुदान बंद पडले, ते पुन्हा सुरू होण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले. मधली नव्वद वर्षे कॅथलिकांनी आपल्या शाळा स्वतःच्या खिशातून आणि व्रतस्थ भगिनी व ब्रदर ह्यांच्या बिनपगारी श्रमांतून चालविल्या. अशा काळात, १८७८ साली, आयर्लंडहून आलेल्या येशूसंघीयांनी झेवियर कॉलेज उघडले. गरिबांची शाळा ती नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वकील, डॉक्टर, न्यायाधीश घडवावेत आणि कॅथलिक समाजाला प्रतिष्ठितांच्या पंगतीत पाट मिळावा, हा तिचा उघड हेतू होता.

त्या पंगतीचा एक नियम 'हौशी' खेळाचा होता. १८९२ साली मेलबर्नमध्ये हौशी क्लबांची एक संघटना निघाली. पुढे १९३३ पासून तिचे नाव 'व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन' असे झाले. खेळासाठी पैसा घ्यावयाचा नाही, हे तिचे ब्रीद. मेथडिस्टांच्या वेस्ली कॉलेजचे मुख्याध्यापक लॉरेन्स ॲडमसन हे तिचे दीर्घकाळ अध्यक्ष आणि ह्या ब्रीदाचे कडवे पुरस्कर्ते होते. उलट बाजूस मोठी लीग, जिने १९११ साली खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास मुभा दिली. हौशी बाण्याने त्या लीगमध्ये टिकू पाहणाऱ्या विद्यापीठाच्या संघाचे काय झाले, ते पाहण्याजोगे आहे. १९०८ साली तो उतरला, शेवटचे एक्कावन्न सामने ओळीने हरला आणि १९१४ नंतर बाहेर पडला.

मग पहिले महायुद्ध आले. सक्तीच्या सैन्यभरतीवर १९१६ व १९१७ साली देशभर दोनदा जनमत घेण्यात आले आणि दोन्ही वेळा ती नाकारली गेली. विरोधकांचा सर्वांत बुलंद आवाज होता तो डॅनियल मॅनिक्स ह्यांचा. १९१७ साली ते मेलबर्नचे आर्चबिशप झाले. ॲडमसन ह्यांचे मत नेमके उलट. धडधाकट तरुणांनी युद्धकाळात पैशासाठी फुटबॉल खेळावा, ह्याची त्यांना चीड होती. ह्या वादाने कॅथलिक व प्रोटेस्टंट ह्यांच्यातील दरी इतकी रुंदावली की कॅथलिक माणसाच्या देशनिष्ठेवरच उघड शंका घेतली जाऊ लागली. हे सारे ताजे असताना, जेमतेम सहा वर्षांनी, झेवियरच्या माजी विद्यार्थ्यांनी ॲडमसन ह्यांच्याच संघटनेत पाऊल ठेवले. आम्हांस ह्या साऱ्या इतिहासात हा क्षण सर्वांत बोलका वाटतो. ज्या मुलांच्या आर्चबिशपांना वृत्तपत्रे देशद्रोही ठरवीत होती, तीच मुले दर शनिवारी त्याच शहरातील प्रोटेस्टंट तरुणांशी खांद्याला खांदा भिडवू लागली आणि सामना संपल्यावर त्यांच्याशी हस्तांदोलन करू लागली. पुष्कळशा प्रवचनांनी साधत नाही ते चिखलाने साधले असावे.

तथापि ह्या हौशीपणाला आम्ही डोळे झाकून धन्य म्हणणार नाही. वेतन नाकारणे ज्याचे पोट भरलेले आहे त्याला सोपे जाते. रिचमंड व कॉलिंगवूड ह्या उपनगरांतील गल्ल्यांत त्याच धर्माचे, त्याच आयरिश रक्ताचे तरुण राहत होते. त्यांनी मोठ्या लीगमध्ये खेळून पैसे घेतले. १९३० साली लीगने एका सामन्याचे वेतन जास्तीत जास्त तीन पौंड ठरविले. मंदीच्या त्या वर्षांत बेकार झालेल्या बापाच्या घरी त्या तीन पौंडांनी चूल पेटत असे. हौशी संघटना स्थापन होण्याच्या आदल्याच वर्षी, १८९१ साली, पोप लिओ तेरावे ह्यांनी 'रेरुम नोवारुम' ह्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा कैवार घेतला होता, हे विसरून चालणार नाही. झेवियरचा वकील फुकट खेळला म्हणून तो रिचमंडच्या हमालापेक्षा अधिक निर्मळ ठरत नाही.

तिसरी वाट होती आपल्याच कुंपणात खेळण्याची. 'कॅथलिक यंग मेन्स सोसायटी'ची स्वतंत्र फुटबॉल स्पर्धा मेलबर्नमध्ये भरत असे. १९४० च्या दशकात कार्डाइन ह्यांच्या 'यंग ख्रिश्चन वर्कर्स' चळवळीने धर्मग्रामांतील कामगार तरुणांना एकत्र आणले, तेव्हा तिनेही फुटबॉलचा आधार घेतला. आम्ही स्वतः धर्मग्रामात काम करीत असल्यामुळे ह्या वाटेविषयी आम्हांस अधिक जिव्हाळा वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु कुंपणातल्या स्पर्धा कालांतराने विरून गेल्या, आणि कॅथलिक शाळांचे माजी विद्यार्थी हौशी संघटनेत एकामागून एक दाखल झाले : ओल्ड पॅरेडियन्स, द ला साल, सेंट बर्नार्ड्स, सेंट केव्हिन्स, मार्सेलिन, माझेनॉड. संघटनेचे वेळापत्रक म्हणजे संतांची लितानीच वाटावी! क्रिश्चन ब्रदर्स, मारिस्ट, ओब्लेट आणि येशूसंघीय ह्यांचे शिष्य आता एकमेकांनाच पाडू लागले. प्रोटेस्टंटांविरुद्धची जुनी चुरस मागे पडून ही घरची भाऊबंदकी अधिक रंगू लागली.

ओल्ड झेवेरियन्सच्या वाट्याला वरच्या श्रेणीतील यश उशिरा आले. पहिल्या श्रेणीचे अजिंक्यपद त्यांनी १९८१ साली मिळविले. मग १९९५ ते २००० अशी सलग सहा वर्षे ते कोणाच्या हाती लागू दिले नाही. त्याच दशकात मोठी लीग दूरचित्रवाणीच्या पैशावर पूर्ण व्यावसायिक झाली, आणि तिला चांगले खेळाडू कोवळ्या वयातच उचलून नेता येऊ लागले. अशा वेळी आर्माडेल येथील टूराक पार्कवर बिनपगारी तरुणांनी हा विक्रम केला. २०१७ साली संघटनेने महिलांची स्पर्धा सुरू केली, आणि 'माजी विद्यार्थी' ह्या शब्दाचा अर्थही त्यामुळे सैल झाला. कारण झेवियर कॉलेजच्या वरच्या वर्गांत मुली कधी शिकल्याच नव्हत्या.

अशा क्लबात आजही खेळाडूच वर्गणी भरतो, आणि तिच्यातून चेंडू, विमा व पट्ट्या ह्यांचा खर्च भागतो. मैदानाच्या कडेला चहा व सॉसेज विकणारे बहुधा कोणाचे तरी आईबाप असतात. गुणफलकाशी एखादा जुना खेळाडू उभा असतो. त्याचे गुडघे आता त्याचे ऐकत नाहीत.