बांधावरचा म्हसोबा

शनिवारी रात्री आम्ही पाच मित्र व्हिडिओ कॉलवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. सगळे इंजिनिअर, त्यामुळे अर्धा वेळ नियमांवर भांडण्यात जातो. परवा आमची गाठ बाफोमेटशी पडली. बैलाच्या तोंडाचा हा राक्षसराजा या खेळाच्या १९८३च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल टू'तही आहे. त्याचे भक्त लपून जमतात, बळी देतात. ताकद किती, बुद्धी किती, सगळं आकड्यांत. आणि वृत्ती: दुष्ट. फासे टाकताना माझ्या डोक्यात मात्र आमच्या शेतातला म्हसोबा होता.

शेत पारोळा तालुक्यात. बांधावर शेंदूर फासलेला दगड, त्याला ना तोंड ना हात. पेरणीआधी नारळ, पीक घरात आलं की पुन्हा नारळ. म्हसोबा म्हणजे देवीनं मारलेला महिषासुर, असं कॉलेजात असताना कुठेतरी वाचलं आणि आजीला सांगितलं. ती म्हणाली, "राखस नही भाऊ, राखणदार से तो."

गंमत म्हणजे आमची कुलदेवी सप्तशृंगी, म्हणजे त्याला मारणारीच. चैत्रात धुळे-जळगावकडून हजारो लोक चालत वणीच्या गडावर जातात. तिथे पायऱ्या सुरू होतात त्याच्याजवळ महिषासुराचं छोटं देऊळ आहे, त्याच्या मस्तकाची पूजा होते. मारणारीलाही हात जोडायचे आणि मेलेल्यालाही. जेजुरीतही तेच. खंडोबानं मारलेल्या मणी दैत्याला गडावर मान आहे आणि मल्लाचं नाव तर देवालाच चिकटलं: मल्हारी.

मग तो राक्षस झाला कधी? मथुरेच्या कुषाणकाळातल्या, म्हणजे साधारण १८०० वर्षांपूर्वीच्या मूर्तींत देवी एका रेड्याला नुसत्या हातांनी दाबून धरते. तो साधा रेडा असतो, असुर नाही. 'देवीमाहात्म्या'त त्याची असुर म्हणून सविस्तर कथा येते. सातव्या शतकात महाबलीपुरमला त्याला माणसाचं धड मिळालं, हातात गदा आली. वेरूळच्या कैलास लेण्यात पोचेपर्यंत शिंगं सोडली तर तो जवळजवळ माणूसच झालाय. आमच्या दगडाला यातलं काहीच लागू पडत नाही. त्याला चेहराच नाही.

जोतिराव फुल्यांनी १८७३च्या 'गुलामगिरी'त वेगळंच सांगितलं. त्यांच्या मते म्हसोबा म्हणजे बळीराजाचा 'महासुभा', शेतांची पाहणी करून शेतकऱ्याला सूट देणारा अधिकारी. म्हणून शेतकरी शेताच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड मांडतो. व्युत्पत्ती मला पटत नाही. 'सुभा' हा शब्द मुसलमानी अमलात आपल्याकडे आला, बळीच्या दरबारात तो कुठून असणार? पण दगडाचं काम फुल्यांनी अचूक पाहिलं होतं. माझ्या आजीनं 'गुलामगिरी' वाचलेली नव्हती, तरी ती तेच सांगत होती.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास असे दगड शोधत पायी हिंडले. १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त त्यांनी नोंदवलं की कुठे देवी म्हसोबाला मारते, तर कुठे त्याच्याशी तिचं लग्न लागलेलं असतं. देवी मानणारी माणसं आणि देव मानणारी माणसं एका रानात आली, भांडली की वध, जुळलं की लग्न, असा त्यांचा तर्क. पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबाची बायको जोगूबाई आजही त्याच्याबरोबर पुजली जाते. मला यातलं लग्न जास्त खरं वाटतं. आमच्या घरात दोघं शेजारी राहिलेच ना.

'महिषासुर आमचा राजा होता' हा फॉरवर्ड मलाही येतो. आवडतो, खोटं कशाला बोलू? पण त्या राजाचं एखादं नाणं किंवा शिलालेख दाखवा म्हटलं की ग्रुप शांत होतो.

महामार्गाच्या चौपदरीकरणात आमचा बांध गेला. मोजणीच्या कागदावर विहीर होती, तीन कडुनिंब होते, दगड नव्हता. काकांनी तो ट्रॅक्टरमधून आणून उरलेल्या तुकड्याच्या कडेला बसवला. आजी तेव्हा नव्हती. नारळ फोडायला मला बोलावलं, तर मी काकांना विचारलं, तोंड कुठल्या बाजूला करायचं? काका दगडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आते तठे विहीर नही. वावरकडे कर."